नाव एकच, फीचर वेगळे: ग्रेस हॉपर यांची गोष्ट



माझ्याकडे लॅपटॉप नव्हता तेव्हाची गोष्ट. कॉलेजचा मिनी प्रोजेक्ट मी फोनवरच लिहिला, पायथनमध्ये. फोनवर पायथन ३.११ होतं. मेनूसाठी मी मॅच-केस वापरलं, त्यामुळे इफ-एल्सची लांबलचक रांग टळली आणि मी खूश. डेमोच्या दिवशी फाइल लॅबच्या कॉम्प्युटरवर टाकली आणि लगेच सिंटॅक्स एरर आला. तिथे पायथन ३.८ होतं. मॅच-केस आलं ३.१० मध्ये.

घाईघाईत मी फाइलच्या सुरुवातीला एक तपासणी टाकली: व्हर्जन जुनं असेल तर दुसऱ्या मार्गाने जा. तरी तोच एरर. कारण पायथन आधी अख्खी फाइल वाचून समजून घेतं आणि मगच पहिली ओळ चालवतं. त्याला न कळणारं वाक्य फाइलमध्ये कुठेही असलं, तरी गाडी स्टेशनातून सुटतच नाही. डेमो गेला, मार्क गेले.

त्या रात्री याचं उत्तर शोधत बसलो आणि एका बाईंपर्यंत पोहोचलो. माझी अडचण त्यांनी पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी ओळखली होती. त्यांच्यापुढे मात्र एका मुलाचे मार्क नव्हते, अख्ख्या नौदलाचे प्रोग्रॅम होते. त्यांचं नाव ग्रेस हॉपर. बऱ्याच जणांना त्यांची फक्त पतंगाची गोष्ट माहीत असते. ती मी थोडक्यात सांगेन. जास्त सांगेन ते त्यांच्या साठीनंतरच्या कामाबद्दल.

घड्याळं उघडणारी मुलगी

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला तिने एक घड्याळ उघडलं. परत जुळेना, म्हणून दुसरं उघडलं. आईला पत्ता लागला तोवर घरातली सात घड्याळं सुटी झाली होती. आईने ओरडून गप्प केलं नाही. एक घड्याळ तिला खेळायला दिलं आणि बाकीची वाचवली.

पुढे व्हॅसर कॉलेजातून १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्रातली पदवी, मग येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएचडी. तेव्हा गणितात पीएचडी केलेल्या बायका फारच थोड्या होत्या. १९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच शिकवत होत्या.

मग दुसरं महायुद्ध आलं. हॉपर यांचे पणजोबा अमेरिकन नौदलात ॲडमिरल होते, त्यामुळे त्यांनाही नौदलातच जायचं होतं. पण वय जास्त आणि वजन कमी. वजनाची खास सवलत मिळवून त्या १९४३ च्या डिसेंबरात नौदलाच्या राखीव दलात शिरल्या. पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक झाली ती जहाजावर नाही, तर हार्वर्ड विद्यापीठातल्या एका यंत्रावर.

वह्यांमधली नक्कल

ते यंत्र म्हणजे मार्क-१. सुमारे ५१ फूट लांब, ८ फूट उंच. हॉवर्ड आयकन यांनी आखलेलं हे यंत्र कागदी पट्टीवरच्या भोकांमधून सूचना वाचायचं. हॉपर त्याच्या पहिल्या प्रोग्रॅमरांपैकी एक. त्याची पाचशेहून जास्त पानांची माहितीपुस्तिकाही बरीचशी त्यांनीच लिहिली.

आता ती पतंगाची गोष्ट. ९ सप्टेंबर १९४७ ला पुढच्या मार्क-२ यंत्राच्या एका रिलेमध्ये खरोखरचा पतंग अडकलेला सापडला. तो टेपने नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला आणि आज ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तो हॉपर यांनी स्वतः शोधला नव्हता, आणि बिघाडाला बग म्हणणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. हॉपर यांनी ही गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावाला चिकटली.

माझ्या मते त्या काळातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. साइन काढण्याची, वर्गमूळ काढण्याची सूचनांची यादी एकाने वहीत लिहिलेली असायची. दुसऱ्याला लागली की तो ती वही मागून हाताने उतरवून घ्यायचा. उतरवताना चुका व्हायच्याच. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राची जर्नल उतरवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

दुभाषाचा जन्म

१९४९ मध्ये हॉपर एकर्ट-मॉकली या कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा कॉम्प्युटर बनत होता. ती वह्यांची नक्कल त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. त्यांनी विचार केला, माणूस उतरवताना चुकतो, तर हे काम यंत्रालाच का देऊ नये? प्रत्येक तयार तुकड्याला एक क्रमांक द्यायचा, माणसाने फक्त क्रमांक लिहायचे, आणि तुकडे शोधून जोडण्याचं काम यंत्राने करायचं. १९५२ पर्यंत ए-झीरो नावाने हे चालू झालं. त्याला त्यांनी कंपायलर म्हटलं. आजचा कंपायलर म्हणजे आपली भाषा यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषा. ए-झीरो त्यापेक्षा बरंच साधं होतं, पण वाट तिथून सुरू झाली.

लोकांना ते पटायला वेळ लागला. कॉम्प्युटर आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, असं त्यांना ऐकावं लागलं. त्यांचं पुढचं म्हणणं तर आणखी न पटणारं होतं. पगार, साठा, बिलं यांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना गणिती चिन्हं कशाला हवीत? साध्या इंग्रजी शब्दांत का लिहू नये? त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली. आज्ञांचे शब्द बदलून फ्रेंच किंवा जर्मन केले तरी यंत्राला फरक पडत नाही, हेही त्यांनी करून दाखवलं. वरिष्ठ मात्र ते बघून चक्रावले.

कोबोल: सगळ्यांची भाषा

१९५९ पर्यंत प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी झाली होती. एका कंपनीचा कॉम्प्युटर सोडून दुसरा घेतला की सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहा. मोठ्या गिऱ्हाइकांना, म्हणजे सरकारला आणि संरक्षण खात्याला, हे परवडेना. २८ आणि २९ मे १९५९ ला पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सगळ्या यंत्रांवर चालेल अशी एक व्यापारी भाषा बनवायचं ठरलं. तीच कोबोल.

हॉपर यांना कोबोलची आई म्हणतात. पण भाषेचा मसुदा एका समितीने लिहिला, त्यात जीन सॅमेट यांच्यासारखी माणसं होती. हॉपर वरच्या समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या. त्यांचा खरा वाटा असा की कोबोलचा मोठा पाया त्यांच्या फ्लो-मॅटिकमधून आला.

६ आणि ७ डिसेंबर १९६० ला जवळपास तोच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला: एक आरसीएचं, दुसरं रेमिंग्टन रँडचं युनिव्हॅक. आज एकच ॲप दोन कंपन्यांच्या फोनवर चालतं याचं आपल्याला काहीच वाटत नाही. तेव्हा तो चमत्कार होता.

पण डब्यावर काय लिहिलंय, यावर विश्वास किती?

चमत्कारानंतर खरी कटकट सुरू झाली. कंपन्या कोबोल द्यायला लागल्या, पण प्रत्येकीचा कोबोल थोडा वेगळा. कुणी अवघड भाग गाळला, कुणी आपल्या पदरचे खास शब्द घातले. तोच शब्द दोन यंत्रांवर थोडा वेगळा वागायचा. भाषेच्या आवृत्त्याही पुढे सरकत होत्या: १९६० ची, १९६१ ची, १९६५ ची.

१९६८ मध्ये कोबोलचं राष्ट्रीय मानक ठरलं. त्यातही भाषा वेगवेगळ्या विभागांत आणि पातळ्यांत वाटली होती. म्हणजे कंपनीने मानकाप्रमाणे कोबोल देतो असं खरंच सांगितलं, तरी नेमकं किती कोबोल देतो हा प्रश्न उरायचाच. खास जादा शब्द वापरायची सवय लागली की प्रोग्रॅम त्या कंपनीला बांधला जायचा. मग पुढच्या खरेदीत गिऱ्हाइकाचा हात दगडाखाली.

साठीनंतरचं बोलावणं

१९६६ च्या शेवटी नौदलाने हॉपर यांना निवृत्त केलं. वय ६०. त्यांच्यासाठी तो दिवस फार वाईट होता.

सातच महिन्यांत नौदलाला त्यांची आठवण झाली. वेगवेगळ्या यंत्रांवरचे प्रोग्रॅम आणि भाषा एका मापात आणायच्या होत्या. १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने शेवटी १९ वर्षं चालले.

त्यांच्याकडे नौदलाच्या प्रोग्रॅमिंग भाषांचा गट आला. नौदलात सगळीकडे एकच मानक कोबोल वापरा, असा आदेश काढणं सोपं होतं. पण आलेला कंपायलर खरंच मानकाप्रमाणे आहे की नाही हे कळणार कसं? कंपनीची जाहिरात वाचून? माहितीपुस्तिका वाचून? हॉपर आणि त्यांच्या गटाने ठरवलं की कंपायलरलाच परीक्षेला बसवायचं.

कंपायलरची परीक्षा

कल्पना अशी. मानकात लिहिलेल्या एकेका फीचरसाठी छोटे छोटे कोबोल प्रोग्रॅम लिहायचे. बेरीज नीट होते का? रकमेचं पूर्णांकन मानकात लिहिलंय तसंच होतं का? फाइलमधली नोंद बरोबर वाचली जाते का? प्रत्येक चाचणीला उत्तर काय यायला हवं ते आधीच माहीत असतं. प्रोग्रॅम स्वतःच आलेलं उत्तर त्याच्याशी ताडून बघतो आणि पास की फेल ते छापतो. शेवटी हातात गुणपत्रिका येते.

या परंपरेत पुढे जे चाचणी संच बनले, त्यांतली एक गोष्ट मला फार आवडली. समजा कंपायलरला चाचणीतलं एखादं वाक्यच कळलं नाही. तो अख्खा प्रोग्रॅम नाकारणार, अगदी माझ्या डेमोसारखा. मग ती एक चाचणी काढून टाकतात, ती काढल्याची नोंद अहवालात ठेवतात आणि बाकीच्या चाचण्या चालवतात. त्यामुळे एका न कळलेल्या शब्दापायी उरलेल्या फीचरांची माहिती बुडत नाही. आणि काढलेली चाचणी लपतही नाही.

गुणपत्रिका कंपायलरच्या एका विशिष्ट आवृत्तीची, एका विशिष्ट यंत्रावरची असते. जुनी आवृत्ती पास झाली म्हणून नवी पास असं धरून चालत नाही. कंपायलर वेगवान आहे की मंद, हेही ती सांगत नाही. मानकातली कोणती गोष्ट तपासली आणि ती चालली का, एवढंच सांगते. पण एवढ्यानेच विक्रेत्याशी होणारं बोलणं बदललं. आधी वाद शब्दांवर व्हायचा, आता टेबलावर नापास झालेल्या फीचरांची यादी असायची. विकायचं असेल तर दुरुस्त करा.

हे काम पुढे नौदलाबाहेर वाढलं. १९७२ मध्ये अमेरिकन केंद्र सरकारने कोबोलचं मानक आपल्या खरेदीसाठी स्वीकारलं. त्यात चार पातळ्या होत्या, सगळ्यात खालचीपासून पूर्ण भाषेपर्यंत. खरेदी करणारा स्पष्ट सांगू शकायचा की मला या पातळीचा कंपायलर हवा. तपासणी करणारी सरकारी यंत्रणा उभी राहिली. १९८५ च्या कोबोलसाठीचा संच आजही अमेरिकेची मानक संस्था निस्ट हिच्याकडे आहे. ग्नू-कोबोल हा मोफत कंपायलर बनवणारे आजही आपलं काम त्या संचावर तपासून बघतात.

नव्या शब्दांची किंमत

फीचर मिळतं का, या प्रश्नाची दुसरी बाजूही कोबोलने दाखवली. १९७४ च्या मानकात इफ कुठे संपतो हे सांगायला फक्त पूर्णविराम होता. तो चुकीच्या जागी पडला की प्रोग्रॅमचा अर्थच बदलायचा. १९८५ च्या मानकात एंड-इफ आला आणि सुटका झाली. पण भाषेत नवे राखीव शब्द आले की जुन्या प्रोग्रॅममध्ये कुणी तेच शब्द नाव म्हणून वापरलेले असतील, तर ते प्रोग्रॅम मोडतात. या मानकाच्या मसुद्याला म्हणूनच वापरणाऱ्यांनी जोरदार विरोध केला होता.

पायथनमध्येही असंच झालं. ३.७ मध्ये एसिंक हा राखीव शब्द झाला आणि ते नाव वापरणाऱ्या जुन्या लायब्ररी अडल्या. मॅच आणताना मात्र काळजी घेतली. तो शब्द फक्त ठरावीक जागी आज्ञा मानला जातो, एरवी व्हेरिएबलचं नाव म्हणून चालतो. म्हणजे व्हर्जन बदलताना दोन गोष्टी बघायच्या: नवं काय मिळतं, आणि जुनं काय मोडतं.

शेवटची वर्षं

१९७३ मध्ये हॉपर कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर. १९८५ मध्ये त्या पदाचं नाव रिअर ॲडमिरल झालं. या सगळ्या वर्षांत त्या गावोगाव भाषणं द्यायच्या. सोबत सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे असायचे. ते श्रोत्यांना वाटून सांगायच्या की प्रकाश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढंच अंतर कापतो. त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ उलट्या दिशेने फिरायचं. पूर्वीपासून असंच करत आलोय म्हणून तसंच करायचं, या सवयीची त्यांना चीड होती. ते घड्याळ त्याची आठवण होतं. सातव्या वर्षी घड्याळं उघडणाऱ्या मुलीला शोभेल असंच.

१४ ऑगस्ट १९८६ ला बोस्टनमध्ये, कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर, वयाच्या ७९ व्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. तेव्हा नौदलात सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांत त्या सगळ्यात वयस्क होत्या. तरी घरी बसल्या नाहीत, डिजिटल इक्विपमेंट या कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. पुढे एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं गेलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मानही मिळाला.

कोबोल मात्र गेलेलं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या काळात, न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला. तिथली जुनी यंत्रणा सांभाळायला गव्हर्नरांनी कोबोल येणाऱ्यांना जाहीर हाक दिली. प्रोग्रॅम यंत्रापेक्षा जास्त जगतो. उद्या तो कुठल्या आवृत्तीवर चालेल, याची काळजी आजच करावी लागते.

मग आपण काय करायचं?

त्या फसलेल्या डेमोनंतर मी चार सवयी लावून घेतल्या. तुम्हालाही उपयोगी पडतील.

१. जिथे प्रोग्रॅम चालणार आहे तिथलं व्हर्जन आधी विचारा. आपल्या फोनवरचं नाही, समोरच्या यंत्रावरचं. आणि लक्षात ठेवा, ३.१० हे ३.९ च्या नंतरचं. दशांश अपूर्णांक समजून वाचलं की घोटाळा होतो.

२. अधिकृत माहितीत फीचर कुठल्या व्हर्जनला आलं ते लिहिलेलं असतं. एफ-स्ट्रिंग ३.६ मध्ये, वॉलरस ऑपरेटर ३.८ मध्ये, मॅच-केस ३.१० मध्ये. तेवढी ओळ वाचायला दोन मिनिटं लागतात.

३. फंक्शन आणि सिंटॅक्स यांत फरक करा. एखादं फंक्शन आहे का हे प्रोग्रॅम चालू असताना विचारता येतं, आणि नसेल तर दुसरा मार्ग घेता येतो. सिंटॅक्सचं तसं नाही. नवं सिंटॅक्स वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि व्हर्जन बघूनच ती फाइल इम्पोर्ट करा.

४. शंका असेल तर हॉपर यांच्या गटासारखं करा. एका फीचरसाठी एक छोटी फाइल लिहा, उत्तर काय यायला हवं ते आधी ठरवा आणि त्या यंत्रावर चालवून बघा. जावास्क्रिप्टसाठी टेस्ट-२६२ नावाचा असाच अधिकृत चाचणी संच आहे, ब्राउझर बनवणारे त्यावर आपलं इंजिन तपासतात.

पुढच्या सेमिस्टरला मी डेमोच्या दोन दिवस आधी लॅबमध्ये गेलो. पेनड्राइव्हमध्ये सहा छोट्या फाइल होत्या, प्रत्येकीत एकच फीचर. चार चालल्या, दोन पडल्या. त्या दोन गोष्टी मी जुन्या पद्धतीने लिहिल्या आणि डेमो पार पडला.

तुमचा प्रोग्रॅम व्हर्जनमुळे कधी असा अडकला होता का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भाषा कोणती आणि कुठलं फीचर तेही लिहा, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याचा डेमो वाचेल.